माळ्यावरचं युकुलेले

युकुलेले, म्हणजे गिटारीसारखं चार तारांचं छोटं वाद्य, हातात आल्यावर मी पहिलं काम केलं तेच चुकलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. दांडीच्या टोकाला, खुंट्या असतात त्या डोक्यावर, काळपट चिकट थर होता. मी भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस. चिकट दिसलं की हात आपोआप पॉलिशकागदाकडे जातो. चार हात मारले आणि खिडकीत धरून बघितलं, तर काळ्याखाली सोनेरी अक्षराची शेपटी दिसली. उरलेलं नाव पिवळी भुकटी होऊन कागदाला लागलं होतं. बनवणाऱ्याची ओळख मी अर्ध्या मिनिटात पुसून टाकली.

तुमच्या घरात असं काही सापडलं, तर पहिले आठ दिवस फक्त बघा. घासू नका, तेल लावू नका, तार ओढू नका.

माझ्याकडे ते आलं कसं? मोठे काका बोटीवर होते. वेंगुर्ल्याच्या आमच्या वाडीत तेव्हा घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर गिरणीत. १९६१ साली त्यांची बोट होनोलुलूला लागली होती, तिथून हे आणलं. घरी आल्यावर गणपतीत दोन दिवस वाजवलं म्हणतात. पुढे ते ट्रंकेत गेलं आणि ट्रंक माळ्यावर. परवाच्या मे महिन्यात कौलं परतायला माळा रिकामा केला तेव्हा घोंगडीत गुंडाळलेलं निघालं. मेस्त शिडीवरून खाली वाकून म्हणाला, "ह्यां खेळणां कोणाचां?" खेळण्याएवढंच आहे म्हणा. डोक्यापासून बुडापर्यंत हातभर, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३४० ग्रॅम. नेहमीच्या मापांत सगळ्यात लहान, सोप्रानो मापाचं.

बघायचं काय, ते सांगतो. मोबाइलची बॅटरी लावून तिचा उजेड वाद्याच्या भोकातून आत सोडा आणि खोलीत अंधार करा. जिथे चीर आहे तिथून उजेडाची रेघ बाहेर येते. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा मिळाला तर तबलीच्या, म्हणजे वरच्या पातळ फळीच्या, खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या बघा. मग बोटाच्या पेराने सगळीकडे हलकं ठोका, कलिंगड बघतो तसं. पट्टी सुटली असेल तिथे आवाज फाटतो, ‘टर्र’ असा येतो. दांडी डोळ्याजवळ धरून बंदुकीसारखी नेम लावून बघा, वाकली आहे का. या दांडीत लोखंडी सळई नसते, त्यामुळे वाकलेली दांडी स्क्रू पिळून सरळ होत नाही. ती फार वाकली असेल तर घरी हात घालू नका.

आतल्या बाजूला, भोकाच्या समोर, कागदाचं लेबल किंवा भाजून उठवलेला शिक्का असतो. डोक्याच्या मागेही असू शकतो. हे सगळं आधी फोटोत घ्या. या वाद्याचा इतिहास फार जुना नाही, पण नीट नोंदलेला आहे. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मानुएल नुनेस, आउगुश्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम करणारे होते. मदेरात ‘मशेत’ नावाचं चार तारांचं छोटं वाद्य वाजवत. त्यावरून या तिघांनी हवाईच्या लाकडात हे घडवलं. हवाईचा राजा कालाकौआ याला ते आवडलं आणि दरबारात गेलं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याची लाटच आली. गिटारी बनवणारी अमेरिकेतली मार्टिन कंपनी १९१६ पासून युकुलेले बनवू लागली, त्याच वर्षी होनोलुलूत कामाका ही युकुलेलेची कंपनी सुरू झाली, ती अजून आहे. म्हणजे लेबलावर यातलं नाव दिसलं तर पुढचं एक अक्षरही न वाचता वाद्य जाणत्या माणसाकडे न्या. काकांचं कुणी बनवलं हे मात्र आता माझ्या पॉलिशकागदालाच विचारावं लागेल.

लाकूड मला कोआ वाटतं. तांबूस, आत सोनेरी लाटा, उजेडात फिरवलं की लाटा हलतात. कोआ फक्त हवाईत होतो, पण आपल्याला तो अगदीच परका नाही. वनीकरणवाल्यांनी आपल्या सड्यांवर जी ऑस्ट्रेलियन आकेशिया लावून ठेवली आहे, विळ्यासारख्या पानांची, तिच्याच कुळातला. तिच्या जळणाच्या मोळ्या मी वर्षानुवर्षं बघतो आहे. तिचा भाऊबंद असा गात असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आता किडा. माळ्यावरच्या लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर बाकी सगळं थांबवा. भोकं जुनी असतील तर भुगा पडत नाही. काळ्या कागदावर वाद्य दोन दिवस ठेवलं की कळतं. माझ्या कागदावर भुगा पडला. औषध आत ओतायला मन होईना, कारण ते रंगावर आणि सरसावर काय करील सांगता येत नाही. संग्रहालयांत लाकडी वस्तू गोठवून किडा मारतात, तो मार्ग धरला. तीन प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीतली हवा काढून चिकटपट्टीने बंद, आणि ओळखीच्या एका मासेवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये पंधरा दिवस, सुरमईच्या शेजारी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुरतं एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर हवेतलं पाणी गार लाकडावर धरतं. वास आला नाही. आमची ही मात्र अजून नाकाला पदर लावते.

साफसफाई. आतली धूळ काढायला मूठभर कोरडे तांदूळ भोकातून आत टाका, हलवा, ओता. तांदूळ काळे होऊन बाहेर येतात. दोनदा केलं की पुरे. बाहेरून मऊ ब्रश. मग कापसाची काडी थुंकीने ओली करून एका कोपऱ्यात फिरवा. हसू नका, चित्रं साफ करणारे लोकही हेच करतात. लाळेत मळ सोडवायचा गुण असतो आणि ती रंगाला धक्का लावत नाही.

स्पिरिट मात्र लांब ठेवा. जुन्या वाद्यांवर बऱ्याचदा लाखेचं पॉलिश असतं, आपले सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात तेच. स्पिरिटचा बोळा फिरवला की शंभर वर्षांचा रंग बोळ्यावर येतो. कुठलं पॉलिश आहे कळायला दांडीच्या मुळाशी, कुणाला दिसणार नाही तिथे, काडीने स्पिरिटचा एक ठिपका लावा. चिकट झालं तर लाख.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडे हटकून होतात. एक, खोबरेल. कोकणात काहीही सुकलेलं दिसलं की खोबरेल लावायचं, मग ते केस असोत, दाराची कडी असो. लाकडात शिरलेलं खोबरेल खवट होतं, धूळ धरतं आणि पुढे तिथे सरस बसत नाही. काजूच्या टरफलाचं तेल तर होडीच्या फळ्यांसाठी, इथे नको. दुसरी गोष्ट आमसूल. दांडीवरच्या धातूच्या आडव्या कांबी, म्हणजे पडदे, जुन्या वाद्यांत बहुतेक पितळेचे असतात, हिरवे पडलेले. पितळ दिसलं की घरातलं कुणीतरी आमसुलाचं पाणी घेऊन येतंच. आंबट पाणी लाकडात उतरलं की काळा डाग पडतो. पडद्यांच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून सगळ्यात बारीक स्टीलच्या लोकरीने घासा. हवंच असेल तर पडद्यांमधल्या पट्टीला जवसाच्या तेलाचं बोट, आणि लगेच पुसून कोरडं. त्या तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतं. पाण्यात बुडवून ठेवा.

आता मुख्य काम, चिकटवणं. इथे मी हट्टी आहे. सरसच वापरायचा.

जनावराच्या कातड्यापासून केलेला हा सरस पूर्वी प्रत्येक सुताराकडे चुलीवर असायचा. माझ्या लहानपणी मेस्ताच्या शेडमध्ये शिरलं की तोच वास यायचा. मग पांढरा गोंद आला आणि डबा गेला. पांढरा गोंद वाईट नाही, कपाटाला उत्तम. पण वाद्य पुन्हा कधीतरी उघडावंच लागतं. सरसाचा सांधा गरम पाण्याने आणि पातळ सुरीने न दुखावता सुटतो. पांढऱ्या गोंदाचा सांधा लाकूड घेऊन सुटतो. शिवाय नवा सरस जुन्या सरसाला धरतो, ओल्या उष्णतेने दोन्ही एक होतात. गोंद जुन्या सरसावर नुसता बसतो, धरत नाही. दोन मिनिटांत चिकटणारं ते नळीतलं पाणी तर वाद्याजवळ आणूच नका. पेट्यांमध्ये ते ओतून ठेवणाऱ्यांनी माझ्या आयुष्याची किती तरी वर्षं खाल्ली आहेत.

सरसाचे दाणे गार पाण्यात रात्रभर भिजवा, फुगून जेलीसारखे होतात. मग वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा, साधारण ६० अंशांवर. उकळला की ताकद गेली. बोटाला कढत लागेल पण भाजणार नाही, आणि चमच्यावरून पातळ धार लागेल, एवढं पुरे. लाकडाचा सांधाही आधी शेकून घ्या, कारण सरस मिनिटभरात थिजतो. उरलेला फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवला तर झुरळं, बुरशी आणि बायको यांपैकी कुणीतरी त्याचा निकाल लावतं.

आणि हे काम पावसात करायचं नाही. मी केलं. घोडी, म्हणजे तबलीवरचा तारा टेकतात तो लाकडी तुकडा, मागच्या बाजूने उचकटलेली होती, जुलैतल्या एका रविवारी उत्साहाने बसवली. पाचव्या रात्री ‘टक्’ असा आवाज आला, सकाळी घोडी ट्रंकेच्या झाकणावर पडलेली. घरातला आर्द्रतेचा काटा त्या दिवशी ८८ दाखवत होता. अशा हवेत सरस नीट सुकतच नाही. परदेशी पुस्तकांतला सगळा सल्ला कोरड्या हवेचा असतो, वाद्याच्या पेटीत ओला स्पंज ठेवा म्हणतात! आपण तो सल्ला पाळला तर आठवड्यात बुरशी. आपल्याकडे चिकटवण्याचे दिवस दिवाळीनंतर, उत्तरेचा वारा सुरू झाला की. तोवर साफसफाई करा, फोटो काढा, खुंट्या करा.

घोडी काढायची पद्धत अशी. तव्यावरचं पातळ, लवचीक उलथनं गरम करा, कडेने सरकवा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. घाई केली तर तबलीचे तंतू निघून येतात, आणि तबली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते. खालचा जुना सरस कोमट ओल्या फडक्याने मऊ करून खरवडा, पॉलिशकागदाने नाही. जागा पुन्हा ठरवायची तर अटीपासून, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. माझं १७३ आलं, म्हणजे तार टेकते ती कड अटीपासून ३४६ मिलिमीटरवर, आणि वर दोरा भर सवलत. दाबण्यासाठी खालून लाकडी ठोकळा, वरून शिकंजा, मध्ये मेणकागद. एक दिवस हात लावायचा नाही. तारा चढवायच्या आधी आणखी चार दिवस.

चिरेचं काम मला वाटलं त्याहून सोपं गेलं. पाठीवर नऊ सेंटिमीटरची चीर, कौलांखालच्या मे महिन्याच्या तापाने गेलेली. बोटाने दाबल्यावर दोन्ही कडा जुळत होत्या. जुळत नसतील तर जोर करू नका, दोन-चार दिवस दमट खोलीत ठेवा, आपल्याकडे ती सोय फुकट आहे. पातळ सरस वरून बोटाने चोळायचा आणि आतून दुसऱ्या बोटाने चीर उघड-मीट करायची, तो आपोआप ओढला जातो. आतून तीन ठिगळं लावली, सेंटिमीटरभर चौकोनी, देवदारी खोक्याच्या पट्टीची, दीड मिलिमीटर जाड. ठिगळाच्या रेषा चिरेला आडव्या हव्यात, हे विसरलात तर ठिगळही तिथेच चिरतं. पुरा हात आत जात नाही, मग दाबायचं कसं? जुन्या स्पीकरची दोन चुंबकं, एक आत एक बाहेर, मध्ये फडकं.

चार खुंट्यांपैकी एक नव्हती. जुन्या वाद्यांत खुंटी निमुळती आणि भोकही निमुळतं, नुसत्या घर्षणावर धरते, तंबोऱ्यासारखी. उरलेल्या तीन घेऊन सावंतवाडीला चितारआळीत गेलो. लाकडी आंबे-काजू कातणाऱ्या एका कारागिराने तिन्ही हातात फिरवल्या आणि विचारलं, "चिकूचां देठ की काय?" अर्ध्या तासात शिसवीची चौथी करून दिली. रंग जुळत नाही, ती काळी आणि बाकीच्या तांबड्या. मी रंगवली नाही. खुंटी घसरत असेल तर फळ्यावरचा खडू लावा, अडकत असेल तर कोरड्या साबणाची वडी फिरवा. पितळी स्क्रूच्या खुंट्या असतील तर स्क्रू पाव फेरा आवळणं, एवढंच.

तारा स्टीलच्या कधीही लावू नका. ते वजन या तबलीला पेलणार नाही, आठवड्यात घोडी घेऊन येतील. पूर्वी आतड्याच्या तारा असत, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आला. आता चांगल्या तारा फ्लुओरोकार्बनच्या असतात, म्हणजे गळाला लावायच्या दोऱ्याचाच एक प्रकार. हे कळल्यावर मी अर्थातच बंदरावर गेलो आणि तंगूस घेऊन आलो. पातळ दोन तारा बऱ्या वाजल्या, जाड सा ची तार मात्र गोणपाट आपटल्यासारखी. साधा तंगूस मऊ नायलॉनचा असतो, ओढला तरी ढिला पडत राहतो. शेवटी तयार संच मागवला. तरी मापं सांगून ठेवतो, फ्लुओरोकार्बनची, अंदाजे: घोडीकडून वरच्या बाजूने मोजलं तर ०.५७, ०.८२, ०.६६ आणि ०.५२ मिलिमीटर. नवी तार चार-पाच दिवस उतरतच राहते. वाद्य बिघडलं समजून घाबरू नका. बाराव्या पडद्यावर तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असावी.

सूर लावताना मला जे सापडलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पेटी समोर घेतली. पहिली, वरची तार मधल्या सप्तकातली पांढरी पाच. दुसरी पांढरी एक, तिसरी पांढरी तीन, चौथी पांढरी सहा. पांढरी एकचा सा धरला तर प सा ग ध. म्हणजे एकही पडदा न दाबता नुसतं बोट फिरवलं तर भूप रागातलेच सूर! राहिला रे, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर. चौथ्या तारेवर तिसऱ्या पडद्याला वरचा सा. पंचम पहिल्याच तारेला असल्यामुळे झंकार वरून सुरू होतो, खाली सा ला येतो आणि परत चढतो. होनोलुलूच्या लोकांना भूप ठाऊक नसेल, पण काकांनी गणपतीत काय वाजवलं असेल याचा अंदाज मला त्या दिवशी आला.

वाद्य लहान आणि तारा मंद वाटल्या तर सगळं एक सूर वर चढवून बघा, सा पांढरी दोन. १९२० च्या सुमारास ही पट्टीच जास्त चालायची. जुन्या घोडीवर मात्र महिनाभर हे धाडस नको.

ऐकायला शिकायचं तर वाद्य छातीला लावून एकच तार छेडा आणि थांबा. बरगडीत कंप येतो. नव्या, जाड पॉलिशच्या वाद्यांत तो फारसा येत नाही. आवाज फार लांब टिकत नाही, मेंगळटासारखा लोंबत नाही, पटकन उमलून मिटतो. म्हणून यावर संथ आलाप नको, छोटे तुकडे घ्या. भजनातल्या गजराला ते पखवाजाखाली बुडून जातं, हेही करून बघितलंय.

ठेवायचं कुठे? चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नका, पावसात भिंत घाम गाळते. जूनपासून झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पिशव्यांसह. नारंगी खडे ओलावा पिऊन हिरवे होतात, मग जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा नारंगी करायचे. काटा ४५ ते ५५ मध्ये राहिला तर उत्तम, आमच्याकडे ६० च्या खाली आला तरी मी खूश असतो. कोपऱ्यात वेखंडाचा तुकडा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वाजवायचं, कारण बुरशी पहिल्यांदा बोटांनाच कळते.

शेवटचं काम मी खळीने केलं, गव्हाच्या पिठाच्या. पोस्टकार्डाच्या चतकोराएवढा कागद आत, भोकासमोर चिकटवला. पेन्सिलीने लिहिलंय, शाई आपल्या हवेत फुटते: घोडी सरसाने बसवली, डिसेंबर. पाठीच्या चिरेला आतून तीन ठिगळं, देवदारी. काळी खुंटी शिसवीची, सावंतवाडी. किड्यासाठी पंधरा दिवस गोठवलं. आणि खाली, जरा बारीक अक्षरात: डोक्यावर सोनेरी नाव होतं, ते मी घासून घालवलं.